नकाशेवाल्यांचे रिकामे मंगळवार

आमच्या वन्सं, म्हणजे यांची धाकटी बहीण, इमारतींचे आराखडे करणाऱ्या एका ऑफिसात टपाल सांभाळतात. नोकरीला लागल्या तेव्हा ते खरंखुरं टपाल होतं, पाकिटं, तिकिटं आणि डिंकाची बाटली. पुढे फॅक्स आला, तो वन्संच्या गळ्यात पडला. मग ईमेल आली, तीही त्यांच्याच. चाळिशी उलटल्यावर संध्याकाळचे वर्ग लावून त्या सर्व्हर, म्हणजे सगळ्यांची मेल सांभाळणारा मुख्य कॉम्प्युटर, चालवायला शिकल्या. पहिल्या दिवशी वर्गातली मुलं त्यांना शिकवणाऱ्या बाई समजून उठून उभी राहिली होती, आणि वन्संनीही त्यांना खुशाल 'बसा' म्हणून सांगितलं होतं. ऑफिसात त्यांना सगळे टपालताई म्हणतात. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतात. स्वयंपाकघरात आल्या की काही ना काही सांडतात, म्हणून मी त्यांना जेवणाच्या टेबलापलीकडे येऊ देत नाही.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी त्या दोन लॅपटॉप घेऊन घरी आल्या. एक त्यांचा, दुसरा नकाशेवाल्यांचा. हे नकाशेवाले म्हणजे त्यांच्या ऑफिसातल्या नकाशे विभागाचे प्रमुख. पन्नाशीचे गृहस्थ, कामात चोख, तोंडाने फटकळ. त्यांच्या विभागात नऊ माणसं आणि नऊ मशीन, आणि ती मशीन बाकी ऑफिसपेक्षा वेगळ्या कंपनीची. कारण काय, तर नकाशे त्यांच्यावर चांगले निघतात.

जेवताना सगळी हकिगत कळली. ऑफिसात प्रत्येकाचं कॅलेंडर कॉम्प्युटरवर असतं आणि ते सगळ्यांना दिसतं. माणूस गुंतलेला असला की ती वेळ करडी दिसते, मोकळा असला की पांढरी. ते बघून मीटिंग ठरवायची. नकाशेवाले दर मंगळवारी बांधकामाच्या जागेवर मोजमापाला जातात. यंदा साहेबांनी मीटिंग लावल्या त्याही मंगळवारी, कारण साहेबांच्या पडद्यावर नकाशेवाल्यांचे मंगळवार पांढरेशुभ्र. गैरहजेरीचे दोन मेमो झाले. नकाशेवाले म्हणत, मी लिहून ठेवलंय. साहेबांनी वन्संना बघायला सांगितलं. वन्संनी आपल्या मशीनवर बघितलं, पांढरं दिसलं, तसं सांगितलं. टपालताई म्हणतात म्हणजे तसंच असणार, असा त्यांचा ऑफिसात लौकिक. आता बुधवारी तिसरा मेमो निघणार होता, आणि तिसऱ्यानंतर तिथे माणसाला घरी बसवतात.

तर त्या शुक्रवारी नकाशेवाले वन्संच्या टेबलाशी आले. आवाज चढवला नाही. आपला लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवून दाखवला. वर्षभराचे सगळे मंगळवार करडे.

"टपालताई," ते म्हणाले, "मी फटकळ आहे, खोटारडा नाही." आणि लॅपटॉप तिथेच ठेवून निघून गेले.

हे सांगताना वन्संचा घास हातातच राहिला होता. मी रोज प्रार्थनेला बसते तेव्हा माझा क्रम ठरलेला असतो, आधी घरचे, मग शेजारपाजारचे. त्या रात्री त्यात एक अनोळखी नकाशेवाला शिरला. देवाला म्हटलं, याचं नाव मला ठाऊक नाही, तुला असेल.

शनिवारभर वन्सं परवानग्या तपासत होत्या, म्हणजे कुणाचं कॅलेंडर कुणाला दिसावं याच्या खुणा. सगळ्या जिथल्या तिथे. घड्याळाची वेळ दोन्हीकडे सारखी. मेल दोन्हीकडून जात होती, येत होती. यांनी मध्येच डोकावून "बंद करून चालू केलं का?" असं विचारलं, तेव्हा वन्संनी भावाकडे असं पाहिलं की हे वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत गेले.

रविवारी प्रार्थना उरकून मी भाजी निवडायला बसले, तर वन्संनी सुरी काढून घेतली आणि मला नकाशेवाल्यांच्या मशीनपुढे बसवलं. पडताळ्यासाठी त्यांनी एक खोटं खातं उघडलं होतं. मी उद्याच्या अकरा ते बारामध्ये 'भाजी' असं लिहायचं, आणि त्या आपल्या मशीनवरून बघणार. मी एका बोटाने लिहिलं. माझ्याकडे चौकोन करडा झाला. त्यांच्याकडे पांढराच. मग त्यांनी तिकडून लिहिलं, तर ते मला दिसेना. अर्धा तास आम्ही एकाच टेबलावर समोरासमोर बसून एकमेकींना मोकळ्या दिसत होतो.

मी म्हटलं, "वन्सं, मी लिहिलेलं मला दिसतंय, म्हणजे ते कुठेतरी उमटलंय. मग मी लिहितेय तरी कुठे?"

त्यांनी आपला लॅपटॉप बाजूला सारला. मग उठून माझ्या खांद्यावरून वाकल्या आणि त्या मशीनच्या पोटात शिरून काहीबाही उघडत गेल्या. शेवटी आकड्यांची एक ओळ आली. ती वाचून त्या खुर्चीत बसल्या आणि चष्मा काढून ठेवला.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी ऑफिसात नवा सर्व्हर आला. सगळ्यांची मेल वन्संनी त्यावर हलवली. बाकीच्या मशीनना नवा पत्ता आपोआप कळला. नकाशे विभागाच्या मशीनवर तो हाताने लिहावा लागतो, तोही दोन ठिकाणी, एकदा मेलसाठी आणि एकदा कॅलेंडरसाठी. वन्संनी मेलचा लिहिला, कॅलेंडरचा राहिला. तरी ते लगेच लक्षात आलं असतं, कारण जुना सर्व्हर बंद केल्यावर त्या मशीननी कटकट केली असती. पण वन्संनी जुना सर्व्हर बंद केलाच नाही. महिनाभर असू दे, न जाणो लागला तर, म्हणून कपाटाखाली चालू ठेवला आणि विसरून गेल्या. आमच्या घरात छत्र्यांच्या तुटक्या काड्यांचं एक पोतं आहे, तेही असंच महिनाभरासाठी ठेवलेलं. तेव्हापासून नकाशेवाले जुन्या सर्व्हरवर लिहीत होते, तिथेच वाचत होते. त्यांच्यात त्यांचं सगळं बरोबर, बाकीच्यांचं बाकीच्यांत बरोबर. म्हणून दोन्हीकडचे एकमेकांना नावं ठेवत राहिले.

हे म्हणाले, "मग सोपं आहे की. उद्या लवकर जा, पत्ते बदल, जुनं डबडं बंद कर. सगळं नीट दिसेल. कोण विचारतंय?"

वन्संना निवृत्तीला चौदा महिने उरलेत. एकतीस वर्षांत त्यांच्या नावावर ठपका नाही. त्या माझ्याकडे वळल्या.

"वहिनी, तुम्ही का गप्प?"

मी म्हटलं, "पुढचे मंगळवार दिसतील हो. मागच्या दोन मेमोंचं काय?"

त्या उठल्या आणि मी नको म्हणत असताना स्वयंपाकघरात जाऊन स्वतः चहा केला. अर्धा ओट्यावर गेला. मी पुसला आणि चहा चांगला झालाय म्हणून सांगितलं. तसा तो झालाही होता.

सोमवारी त्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या नाहीत. सकाळी सगळे जमतात तिथेच उभ्या राहून त्यांनी सांगितलं की चूक नकाशेवाल्यांची नाही, मशीनचीही नाही, माझी आहे, आणि साहेबांना मी दिलेली साक्ष चुकीची होती, तेव्हा ते दोन्ही मेमो मागे घ्यावेत. साहेबांचा चेहरा आंबला. हे आधी एकटीने येऊन मला सांगायचं होतं, असं साहेब म्हणाले. वन्सं म्हणाल्या, मेमो सगळ्यांसमोर दिले होते. दुपारपर्यंत नकाशेवाल्यांचे दोन्ही मेमो रद्द झाले आणि एक नवीन निघाला, वन्संच्या नावे. तो त्यांनी घरी आणून मला वाचायला दिला. हलगर्जीपणा हा शब्द दोनदा आला होता. त्या रात्री मात्र त्या पोटभर जेवल्या.

नकाशेवाल्यांनी आभारबिभार मानले नाहीत. टेबलाशी येऊन, "दोन वर्षं?" एवढंच विचारलं.

"दोन वर्षं चार महिने," वन्संनी सांगितलं.

ते वन्संना आपल्या विभागात घेऊन गेले. मग तिथल्या सगळ्यांना मशीनवरून उठवलं, वन्संसाठी एकेका मशीनपुढे खुर्ची ओढली आणि पत्त्याचे आकडे स्वतः मोठ्याने वाचून दाखवले. नववं मशीन नकाशेवाल्यांचं. ते झाल्यावर वन्संनी जुन्या सर्व्हरवरच्या नोंदी नव्यावर आणल्या, आणि साहेबांच्या पडद्यावर वर्षभराचे मंगळवार एकदम करडे झाले. मग दोघांनी मिळून कपाटाखालचा सर्व्हर बंद केला. त्याच्या आवाजाची इतकी सवय झाली होती की खोली बहिरी झाल्यासारखी वाटली, असं वन्सं म्हणाल्या.

मीटिंग आता गुरुवारी असते. पहिल्या गुरुवारी नकाशेवाले सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते, आणि सात मिनिटं उशीर झाला म्हणून साहेबांनाच बोलले.