वर्ज्य गोळी

"आशा, बर्फ आण! डाव्या खांद्यात रक्त उतरलं!"

उंद्रीच्या कडूबाला एक्कावन्न वर्षांत दुखण्याचा एकच अर्थ ठाऊक होता. दुखतंय म्हणजे आत कुठेतरी रक्त सांडतंय. हिमोफिलिया जन्मापासूनचा. रक्त गोठवणारा एक घटक, डॉक्टर त्याला फॅक्टर म्हणतात, त्याच्या अंगात तयारच होत नाही. गुडघे विशीतच आखडले. तो कबड्डीच्या मैदानात कधी उतरला नाही, पण आसपासचा एकही सामना त्याच्या माईकशिवाय झाला नाही. लाऊडस्पीकरचं दुकान, खणखणीत गळा आणि दोन न वाकणारे पाय, एवढ्यावर त्याने संसार केला.

बायको आशाबाईने बर्फ आणला, पण ती हलेना. "खांदा दुखला की असा घाम येते का कधी? अन् जबडा काऊन धरून राह्यले?"

"तुले काय समजते? माह्यं अंग हाय, मले माहीत हाय."

दोन दिवस बर्फ चालला. शीर शोधून त्याने स्वतःच फॅक्टरचं इंजेक्शनही टोचून घेतलं. तिसऱ्या दिवशी जिना चढताना तो मध्येच बसला, तेव्हा आशाबाईने विचारायचं सोडून दिलं आणि गाडी बोलावली. चिखलीच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, गोळी पुढे केली, नाव सांगितलं : ॲस्पिरिन. कडूबाने तोंड घट्ट मिटलं. डॉक्टर ओरडले, आशाबाई रडली, तोंड उघडलं नाही. शेवटी त्याला तसाच संभाजीनगरला पाठवला.

तिथे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टर अर्पिता खाटेशी आल्या. "कडूबा, खांद्यात काही नाही. हृदयाची धमनी बंद होत आलीय. तार घालून उघडायची, आत जाळी बसवायची."

"तार? मले साधी दाढ काढाची म्हटली तं आठ दिस लागते!"

"मनगटातून जाणार, मांडीतून नाही. मनगट दाबून धरता येतं."

"अन् दाबूनबी नाई थांबलं तं?"

"आधी फॅक्टर भरणार, रक्त तपासणार. फॅक्टरचा आकडा शंभर टक्क्यांजवळ आल्याशिवाय मी कोणाला सुई लावू देणार नाही. मी तिथेच उभी असेन."

त्या खरोखर उभ्या राहिल्या. जाळी बसली, मनगटावर फक्त एक निळा डाग उमटला. कडूबा तो डाग तासातासाला पाहत होता, कडेने पेनाने रेघ मारून, वाढतोय का म्हणून. वाढला नाही. मग डॉक्टर अर्पितांनी दोन पाकिटं दाखवली.

"महिनाभर या दोन्ही गोळ्या. रक्त पातळ करणाऱ्या."

"म्याडम, अजून पातळ करून माह्या रक्ताचं काय सरबत करता का?"

"जाळीवर गाठ धरली तर पुन्हा अटॅक येईल. फॅक्टर देऊन गाठ धरायची ताकद आम्हीच तुम्हाला देतोय. म्हणून रोज सकाळी फॅक्टर आणि या दोन गोळ्या. तिन्हीतलं एकही सोडायचं नाही."

त्याने मान हलवली. पण पहिल्या पाकिटावरचं नाव त्याने वाचलं होतं : तेच, ॲस्पिरिन.

त्या नावाशी घरात जुनं वैर होतं. कडूबाच्या आधीचा भाऊ, तुळशीराम, चार वर्षांचा असताना तापला. कोणीतरी ती गोळी दिली. पोटातून रक्त सुरू झालं ते थांबलं नाही. पुढचं पोर जगावं म्हणून आई तानाबाईने त्याचं नाव कडूबा ठेवलं. यमाने तोंडात घेतलं तरी थुंकून द्यावं! कडूबाचा आजार समजला, ती गोळी अशा पोरांना चालत नाही हेही समजलं, तेव्हा तानाबाईने गावातल्या प्रत्येक मेडिकलवाल्याला शपथ घातली : माह्या पोराले ती गोळी देऊ नोका.

आता पंचाहत्तरीची तानाबाई ओसरीवर बसलेली, आणि पिशवीत तीच गोळी. कडूबाने दोन गोष्टी एकदम लपवल्या. आईला गोळी आहे हे सांगितलं नाही. बायकोला घेत नाही हे सांगितलं नाही.

घरी आल्याच्या सहाव्या दिवशी एक माणूस बारशासाठी माईक न्यायला आला. आशाबाईने माईकची स्पंजची टोपी पुसायला काढली. टप, टप, टप. फरशीवर पाच पांढऱ्या गोळ्या.

"हे काय हाय?"

कडूबाने टोपी घ्यायला हात पुढे केला.

"सामन्यात घसा फोडता, आता काऊन वाचा बसली? कोणती गोळी हाय ही?"

"मरणाची!" तो ओरडला. "दुसरी घेऊन राह्यलो ना मी! ही नाई घेनार. भाऊ गेला माह्या!"

ओसरीवरून तानाबाई उठली. "कोणती गोळी? आशे, नाव सांग."

आशाबाईने नाव सांगितलं नाही, फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पाच दिवसांचं ऐकून डॉक्टर अर्पिता विचारू लागल्या : "छातीत दुखतंय? नाही ना? आज फॅक्टर घेतलंय? मग गोळी आत्ता घ्या, मी फोनवर आहे. आणि आजच ईसीजी काढून पाठवा."

"बाई," तानाबाई फोनवर वाकली, "त्याच गोळीनं माह्यं एक लेकरू खाल्लं."

"आजी, त्या लेकराच्या अंगात फॅक्टर नव्हतं. तेव्हा मिळतच नव्हतं. याच्या आहे."

"सकाळी टोचते तं संध्याकाळी असते का थे अंगात?"

"निम्मं उतरतं. म्हणून रोज टोचायचं. एक दिवस चुकला तर तुमची भीती खरी ठरेल. गोळी चुकली तर माझी."

तानाबाई कडूबाकडे पाहत राहिली. "घे," म्हणाली नाही. "नोको घेऊ," असंही म्हणाली नाही. कडूबाने गोळी जिभेवर ठेवली, पाणी अर्धं अंगावर सांडलं, गिळली. लगेच आरशाकडे गेला, ओठ उलटा करून हिरड्या पाहिल्या. तानाबाईने त्याची हनुवटी धरून स्वतःही पाहिल्या, गोऱ्ह्याचे दात पाहावेत तशा. मग गाडी बोलावून तिघं चिखलीला गेली. ईसीजी ठीक निघाला. कडूबाचा जीव मात्र थाऱ्यावर आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना फेस गुलाबी झाला. कडूबाचा हात थांबला. त्याने आशाबाईकडे पाहिलं, आशाबाईने सासूकडे. डॉक्टर अर्पितांना फोन झाला. हिरडीवर कापसाने औषध दाबायला सांगितलं, बंद काहीच करायचं नाही. त्याने बाही वर केली, शीर शोधली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा फॅक्टर आत गेलं. कापूस दाबला. गुलाबी थांबलं की नाही हे कळायच्या आत पहिली गोळी गिळली आणि भिंतीला टेकला.

तानाबाई तांब्या घेऊन समोरच उभी होती.

"अन् दुसरी?" ती म्हणाली. "दोन सांगतल्या ना त्या डाक्टरबाईनं?"