चौथा बोळा

इंजिन उघडण्याआधीच निकाल देऊन मोकळं व्हायचं आणि मग उघडून आपलंच खरं करायचं, ही मिस्त्रींची जुनी खोड. बहुतेक वेळा त्यांचं खरं निघायचंही, त्यामुळे त्यांना शहाणपण शिकवायला जाणार कोण? या गाडीचा निकाल तर त्यांनी बावीस वर्षांपूर्वीच लावून टाकला होता.

गाडी त्यांच्या वडिलांच्या वयाची. तेव्हा मिस्त्री आणि त्यांचा धाकटा भाऊ मिळून गॅरेज चालवायचे. दोघांनी तिचं इंजिन खोललं, जोडलं, आणि मालक ती घेऊन हमरस्त्याला लागतो न लागतो तोच ते जाम झालं. बेअरिंगं धाकट्याने बसवली होती. मिस्त्रींनी चार गिऱ्हाइकांदेखत त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि त्याला बाहेरची वाट दाखवली. मालकानेही रागाच्या भरात गाडी ओढून नेली आणि शेडमध्ये कुलूप लावून ठेवली. धाकटा एका गोदामावर पहारेकरी झाला. पुन्हा त्याने ना पान्याला हात लावला, ना भावाच्या दारात पाऊल ठेवलं. गेल्या वर्षी तो वारला, तेव्हा मिस्त्री स्मशानात गेले खरे, पण सगळ्यांच्या मागे उभे राहून परत आले.

आता मालकही राहिला नव्हता. त्याच्या मुलीला गाडी पुन्हा चालती करायची होती. काय झिजलंय, काय वाचेल, तेवढं बघून सांगा, म्हणाली.

मिस्त्रींनी इंजिनाखालचं ऑइलचं भांडं उतरवलं. तळाशी काळा चिखल आणि चिखलात पांढऱ्या धातूचा चुरा. सिलिंडरच्या आतून नख फिरवलं, तर वरच्या अंगाला झिजेची कड लागली. एवढ्या वयात ती लागायचीच. पहिलं बेअरिंग ठीक होतं, दुसरंही. तिसरं मात्र वितळून क्रँकला, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याला, चिकटलं होतं आणि तिथला क्रँक तापून निळा पडला होता.

“आवळून बसवलंस ना, गाढवा,” ते मेलेल्या भावाला म्हणाले.

मग सवयीने त्यांनी क्रँकमधल्या, बेअरिंगांना ऑइल पोचवणाऱ्या भोकांत तार घातली. पहिल्या दोन भोकांतून ती सरळ गेली, चौथ्यातूनही गेली. तिसऱ्यात अडली. तारेला आकडा करून ओढलं, तेव्हा चिंधीचा करंगळीएवढा काळा बोळा बाहेर आला. रॉकेलमध्ये धुतल्यावर त्यावर बारीक निळे पट्टे दिसायला लागले.

मिस्त्री फरशीवरच बसले. ती चिंधी त्यांच्याच जुन्या शर्टाची होती. क्रँक धुऊन, कचरा जाऊ नये म्हणून भोकं बुजवायचं आणि जोडणीआधी ती मोकळी करायचं काम त्यांचंच असायचं. चार भोकं, चार बोळे. त्या दिवशी काढले मात्र तीनच. धाकट्याला चिंधीचा भारी तिटकारा. त्याने लाकडाच्या चार खुंट्या तासून एकाच दोरीत ओवल्या होत्या, म्हणजे एक ओढली की चारही हातात येणार. “बाळाचा खुळखुळा” म्हणून मिस्त्रींनी त्या हसत हसत भंगारात फेकल्या होत्या.

तशाच तेलकट हातांनी ते भावजयीच्या घरी गेले. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. तिने पुढे केलेल्या खुर्चीवर ते बसले नाहीत. उभ्याउभ्याच बोळा टेबलावर ठेवला आणि काय ते सगळं सांगितलं. ती चिडेल, हाकलून देईल, याची तयारी करूनच ते आले होते. किंबहुना तेवढीच आशा धरून आले होते.

तिने ती चिंधी बोटाने जवळ ओढली.

“भाऊजी, शेवटच्या आजारातसुद्धा ते मनातल्या मनात ते इंजिन जोडत असायचे,” ती म्हणाली. “माझं कुठं चुकलं, म्हणून मलाच विचारायचे. मी म्हणायची, चुकलंच नसेल तुमचं. तर माझ्यावरच चिडायचे. दादा म्हणाला म्हणजे चुकलंच असणार, म्हणायचे.”

मिस्त्रींनी बोळा उचलायला हात पुढे केला.

“राहू दे तो इथेच,” ती म्हणाली.