हो म्हणू नोका

आमच्या सीटी स्कॅनच्या खोलीत पेशंट थोडा वेळ आडवा होतो आणि जाताना एक किस्सा ठेवून जातो. मी चंद्रपुरात टेक्निशियन आहे. फोटो कॉम्प्युटरमध्ये साठतात, किस्से माझ्याकडे.

हृदयाच्या मांसात वण असेल, तर इंजेक्शनमधलं औषध तिथे अडकून राहतं. म्हणून दहा मिनिटांनी पुन्हा फोटो घ्यायचा. अट एकच, श्वास रोखून गप्प पडायचं. मशीन हिंदीत सांगायचं, "साँस रोकिए." आमची माणसं भारी सभ्य. जो तो उत्तर द्यायचा, "हो जी." झाला फोटो खराब!

*

शेवटी आमच्या अटेंडंट शेवंताबाईंचा आवाज मशीनमध्ये भरला. बाई जवळच्या सावली गावच्या. "श्वास धरा जी. हालू नोका. हो म्हणू नोका." एवढं बोलताना त्या तीनदा थांबल्या. लाजतायत असं वाटून आम्ही हसलो.

*

चामोर्शीकडचे एक म्हातारे मासेमार आले. फोटो झाला तरी श्वास सोडेनात. मी धावत आत गेलो, "भाऊ, सोडा ना!"

भाऊ शांतपणे म्हणाले, "बाईनं सोडा म्हटलंच नाई."

दुसऱ्या दिवशी बाईंनी "आता सोडा जी" भरलं.

*

एका गुरुजींना पेसमेकर होता, त्यामुळे एमआरआय जमत नव्हता. आमच्या फोटोत वण स्वच्छ दिसला. नागपूरहून हृदयाच्या डॉक्टरांचा फोन, "हा चंद्रपुरात काढला?"

आमच्या रेडिऑलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, "हो. आवाज सावलीचा आहे."

त्या दिवशी मी कॉलर ताठ करून फिरलो.

*

मग एकदा जिना चढता चढता शेवंताबाई धाप लागून खाली बसल्याच. वर्षभर दमा समजून औषध घेत होत्या. ते तीनदा थांबणं मला तेव्हा आठवलं आणि स्वतःची लाज वाटली.

इंजेक्शननंतरची दहा मिनिटं मी त्यांच्याजवळ बसलो. म्हणाल्या, "मले काई झालं तरी मशीनमधला आवाज काढू नोका."

फोटो इतका सुरेख आला की मॅडमनी लगेच वणावर बोट ठेवलं. दम्याची औषधं सुटली, हृदयाची लागली. बाई आता पुन्हा ड्यूटीवर आहेत.

पण तो फोटो घेतानाचं सांगायचं राहिलं. बाईंचाच आवाज म्हणाला, "श्वास धरा जी. हालू नोका. हो म्हणू नोका." बाई एकदम गप्प. मशीन फिरलं, थांबलं. आवाज आला, "आता सोडा जी."

बाईंनी स्कॅनसाठी डोक्यावर घेतलेले हात तिथेच जोडले आणि म्हणाल्या, "हो जी."