झाकून ठेवण्याची सोय

पेठच्या डोंगरातल्या बायकांच्या गटासाठी मी साइट करायला घेतली, तेव्हा त्यांची अट एकच होती: भात आमचा, नागली आमची, तर तिथे लिहिणारा हातही आमचाच हवा. आधीची साइट ज्याने करून दिली होती तो दुसरीकडे निघून गेला आणि जुन्या हंगामाचा तांदूळ पडद्यावर तसाच विक्रीला राहिला. यंदाही तसे झाले असते, तर सगळे पीक पुन्हा व्यापाऱ्याच्या काट्यावर गेले असते.

मजकूर भरण्या-बदलण्याची व्यवस्था कोणती निवडावी, यावर नाशिकला परतून मी आठवडाभर विचार केला. सर्वत्र वापरली जाणारी तयार व्यवस्था मला अवजड वाटली. तिच्यात बटणांचे रान. तिकडे नेटवर्क ढगांतल्या उन्हासारखे येते-जाते, म्हणून मी स्वतःच एक हलकी चौकट बांधली. नाव, वजन, चार ओळी. लिहिले की त्याच क्षणी साइटवर. त्या नेमकेपणाचा मला कवितेची एखादी ओळ साधल्यासारखा आनंद झाला होता.

भाताची कापणी झाली तरी चौकटी रिकाम्याच. गटाचे काम पाहणाऱ्या मावशींना फोनवर लिहायची भीती वाटत असावी, असे मी परस्पर ठरवले आणि पुन्हा शिकवायला गेले.

खळ्यावर नव्या पेंढ्याचा ओलसर, गोड वास होता. मावशींनी पदराला हात पुसले आणि फोन माझ्यापुढे धरला. त्यात त्यांनी स्वतःलाच पाठवलेले निरोप होते: तांदळाचा वास, शिजायला लागणारा वेळ, सगळे सुरेख लिहिलेले.

"मग साइटवर का नाही टाकलंत, मावशी?"

"नवं व्हायचंय अजून. देवाला दाखवल्याबिगर आम्ही नवा दाणा तोंडात घालत नाय, ताई, मग विकायचा कसा? आन् तुमची साइट लिहिलं का लगेच जगाला दाखवते. लय हावरी हाय ती."

सुपात भात पाखडणारी त्यांची सून म्हणाली, "आई, तिलाच वाढा आधी."

"वाढू. देवाच्या मागून."

मी हसले, पण परतीच्या एसटीत ते 'हावरी' मनातून हलेना. कच्ची ओळ वहीत झाकून ठेवावी, तिला मुरू द्यावे, हे कवितेने मला केव्हाच शिकवले होते. साइट बांधताना मात्र मी झाकणच ठेवले नव्हते.

घरी येऊन मी ती हलकी चौकट मोडली आणि जिला अवजड म्हणून बाजूला सारले होते तीच व्यवस्था घेतली. लिहिलेले राखून ठेवण्याची सोय तिच्यात पहिल्यापासून होती. बाकीची बटणे लपवली, दोनच उरू दिली: 'झाकून ठेवा' आणि 'दाखवा'.

नंतर एका दुपारी, मला काहीही न विचारता, साइटवर नवे पान उघडले. छायाचित्रात पानावर वाढलेला वाफाळता भात, आणि खाली मावशींचे शब्द: "नवं झालं. देव जेवला, आम्ही जेवलो. आता तुम्ही जेवा."

नमुना म्हणून मी तिथे लिहून ठेवलेल्या चार ओळी त्यांनी पुसल्या होत्या. मी कितीतरी वेळ ते पान वाचत राहिले.

त्यानंतरचे हंगामही त्यांनी स्वतःच मांडले. साइटसाठी पेठहून मला आता फोन येत नाही. येते ती एसटीने तांदळाची लहानशी पिशवी, नवं झाल्यावर. ती उघडताना येणाऱ्या वासापुढे मी दरवर्षी मनोमन हात जोडते.