माय म्हणजे शेळी

मुलाच्या कानावर उर्दूखेरीज दुसरी भाषा पडू द्यायची नाही, असं मी तो जन्मला तेव्हाच ठरवलं. युसूफ वडगावच्या सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, मी मास्तर होतो. निजामाच्या राज्यात कचेरीचा सगळा कारभार उर्दूत चाले. मी ती मोठेपणी शिकलो, त्यामुळे साहेब तपासणीला आले की माझे उच्चार चुकायचे आणि मागची पोरं खुसखुसायची. मुलाचं तसं होऊ नये, एवढंच मनात होतं.

बायको शिरूरकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. आमच्याही घरात मेंढरंच होती. शाळेची पायरी चढलेला मी पहिला. तिला उर्दू येत नव्हती. येईस्तोवर त्याच्याशी बोलू नकोस, असं मी तिला सांगितलं. तिने वाद घातला नाही. लेकराला न्हाऊ घालायची, भरवायची, थोपटायची, सगळं तोंड मिटून. मी दिवसभर पोरांवर ओरडून घरी यायचो. माझंही त्याच्याशी फार बोलणं होत नसे.

बाळंतपणात तिच्या वडिलांनी दुधाला शेळी दिली होती. शेळीशी बोलू नको, असं काही मी म्हटलं नव्हतं. धार काढताना ती मोकळी बोलायची, "ये माझी माय. उभी ऱ्हा गं माय, हलू नगं." आमच्याकडे बायका जनावराला लाडाने असंच म्हणतात. लेकरू ओट्यावर बसून ऐकायचं.

तिसरं वर्ष सरलं तरी ते बोलेना. शेजारची म्हातारी मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "कावून बोलंना ओ हे? बाप सरकारी हाय, वरून हुकूम यायचा असंल."

एका सुटीच्या दिवशी दुपारी शेळी दावं सोडवून दाराबाहेर निघाली. लेकरू ओट्यावरून ओरडलं, "माय!"

बायको पिठाचे हात तसेच घेऊन धावत आली. "आले रं राजा, आले!"

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि शेळीकडे बोट केलं. "माय."

ती जागच्या जागी थांबली. मग जाऊन शेळी बांधून आली. मला त्या वेळी काय वाटलं ते आठवून पाहतो, पण काही हाती लागत नाही. भिंत नुकतीच सारवली होती आणि मी त्या भिंतीकडे पाहत होतो, एवढं आठवतं.

थोड्या वेळाने मी म्हणालो, "शेळी तुझ्या माहेरी पाठवू. म्हणजे तो शब्द तुझ्याकडे येईल."

"एकच शब्द हाय त्याच्या तोंडात," ती म्हणाली. "त्योबी काढून घेता का? ऱ्हाऊ द्या तिला. आन् आता मी बोलणार हाय त्याच्यासंगं. तुमाला विचारीत न्हाई."

त्या संध्याकाळपासून ती बोलू लागली. चूल, भाकरी, पाणी, ज्याला हात लागेल त्याचं नाव त्याला सांगायची. लेकरू तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचं. पुढच्या काही महिन्यांत ते तिच्यासारखंच बोलायला लागलं, तिच्या माहेरच्या हेलात.

तिला ते माय कधी म्हणालं, मला माहीत नाही. मी शाळेत असताना केव्हातरी म्हणालं असणार. ती सांगायला आली नाही. मीही विचारलं नाही.