साफ केलेला गाल

"पॅरोटिडची गाठ आहे," असं म्हणून डॉक्टरांनी माझ्या डाव्या कानाखाली ठेवलेली बोटं उचलली.

मला वाटलं होतं, अक्कलदाढेची सूज असेल. भिवंडीजवळच्या राहनाळ गावातल्या आमच्या डॉक्टरांनीही तेच समजून आधी गोळ्या दिल्या होत्या. सूज उतरली नाही, तेव्हा त्यांनी ठाण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहून दिली. तिथल्या कान-नाक-घशाच्या ओपीडीत आई माझ्या शेजारी स्टुलावर बसली होती. तिने डॉक्टरांना विचारलं, "म्हंजे कॅन्सर?"

"ते आत्ता सांगता येणार नाही, आई."

पॅरोटिड म्हणजे कानाच्या पुढे आणि खाली असलेली लाळेची ग्रंथी. गालगुंड होतं तेव्हा सुजते ती हीच. तिच्यामधून चेहऱ्याची नस जाते, तिला फेशिअल नर्व्ह म्हणतात. डोळा मिटणं, ओठ हलवणं, हसणं, सगळं त्या नसेच्या हातात. डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून दाखवलं. फांद्यांसारखी नस गालभर पसरली होती आणि गाठ त्या फांद्यांतच बसली होती. बहुतेक गाठी साध्या असतात, असं ते म्हणाले. मला त्यातलं 'बहुतेक' तेवढंच ऐकू आलं.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. राहनाळच्या एका गोडाऊनच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर मालाच्या एन्ट्र्या करायचे. घरी माझ्या लग्नाचं बघत होते.

आधी एफएनएसी झाली. म्हणजे बारीक सुई गाठीत घालून थोड्या पेशी काढतात आणि त्या काचेवर घेऊन तपासतात. सुई फार दुखत नाही, हे मी मुद्दाम लिहिते, कारण त्या सुईच्या भीतीने मी आदल्या दिवशी जेवले नव्हते. दुखतं ते नंतरचं थांबणं. रिपोर्टमध्ये आलं, 'पुरेशा पेशी मिळाल्या नाहीत.' पुन्हा सुई. पुन्हा काही ठाम निघालं नाही. मग सिटी स्कॅन.

स्कॅन बघून डॉक्टरांनी विचारलं, "ही कधीपासून आहे?"

"पाच-सहा महिने असेल. दुखत नाही, म्हणून कळलं नाही."

"नीट आठव, मनीषा. गाठ हळूहळू वाढलीय की भराभर, यावर बरंच अवलंबून आहे. घरी जुने फोटो असतील ना? पुढच्या वेळी घेऊन ये."

फोटो होते. आमच्या बेबीआत्याने, म्हणजे बाबांच्या बहिणीने, स्थळांना दाखवायला म्हणून माझे भिवंडीतल्या स्टुडिओत फोटो काढून घेतले होते. ती शेलार गावात दिलेली. येणारं प्रत्येक स्थळ तिच्याच ओळखीतलं. एक फोटो वर्षापूर्वीचा, हिरव्या साडीतला. एक त्याच्या दोन वर्षं आधीचा, कॉलेज संपलं तेव्हाचा. मोबाइलला तेव्हा धड कॅमेरा नसायचा, घरात दुसरे फोटो जवळपास नव्हतेच.

डॉक्टरांनी हिरव्या साडीतला फोटो खिडकीच्या उजेडात धरला. एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग तो टेबलावर ठेवला.

"वर्षापूर्वी काहीच दिसत नाही. आणि आज एवढी." त्यांनी स्कॅन पुन्हा समोर ओढला. "भराभर वाढणारी गाठ असेल तर मला वेगळी तयारी ठेवावी लागेल. कदाचित नससुद्धा काढावी लागेल. मग त्या बाजूचा चेहरा उतरतो. डोळा पूर्ण मिटत नाही. तुला आधीच सांगून ठेवतोय."

मी मान हलवली. बाहेर बाकावर येऊन बसले आणि उगाचच डोळे मिटून-उघडून बघितले. डावा डोळा मिटत होता. पुन्हा मिटून बघितला.

आई शेजारी बसली होती. तिने पदराने तोंड पुसलं, पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. मग खाली बघतच म्हणाली, "तो फोटो खरा न्हाय."

मला कळलं नाही.

"ती गाठ तवा पन व्हती. बारीक व्हती. आम्ही फोटोवाल्याला सांगून काढून घेतली."

त्या वर्षांत स्टुडिओंमध्ये कॉम्प्युटर आले होते. फोटो 'साफ करून' मिळायचे. मुरमं, ओठांवरची लव, डोळ्यांखालचे डाग, सगळं जायचं. सावळी मुलगी दोन छटा उजळ व्हायची. लग्नाच्या फोटोला तर न विचारताच करून द्यायचे. माझा रंग उजळवलाय हे मला दिसत होतं. पण गाल? फोटो आणायला आई आणि आत्या गेल्या होत्या. कॉम्प्युटरवर मोठा केलेला माझा चेहरा बघून आत्याच्या लक्षात आलं की एक बाजू भरलेली दिसतेय. ती स्टुडिओवाल्याला म्हणाली, तेवढी एक बाजू सारखी करून द्या. दिली त्याने. त्याआधीच्या फोटोतही असंच केलं होतं.

"मला का नाही सांगितलं?"

"तू घाबरशील म्हनून. आनि मला वाटलं, चरबी हाय. तू त्या कुशीवर झोपतेस ना."

मला राग यायला हवा होता. आला, पण नंतर. त्या बाकावर मला एकच वाटत होतं, की डॉक्टर आतमध्ये चुकीचा फोटो बघून माझी नस कापायचं ठरवतायत.

"आत चल, त्यांना सांगू," मी म्हणाले.

आई उठेना. "काय सांगायचं? आम्ही पोरीचं त्वांड बदलून घेतलं म्हनून? लोकांम्होरं?"

शेवटी मीच आत जाऊन सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "मूळ फोटो मिळतो का बघा."

ठाण्याहून बस कशेळीच्या पुलावरून जाताना आई खिडकीबाहेर बघत रडत होती. मी तिचा हात धरला नाही. हे लिहायला आज बरं वाटत नाही, पण तसं झालं.

स्टुडिओवाले सलीमभाई आमच्या ओळखीचे. बाजूच्या गल्लीतल्या पॉवरलूमचा खडखड आवाज त्यांच्या दुकानात दिवसभर यायचा, त्यामुळे सगळ्यांशी मोठ्याने बोलायची त्यांना सवय. आईने हळू आवाजात सांगितलेलं त्यांना आधी ऐकूच आलं नाही. तिला तिथल्या गिऱ्हाइकांसमोर दुसऱ्यांदा, मोठ्याने सांगावं लागलं. "माझ्या पोरीच्या गालाला गाठ हाय. तुमी काढलेली. ती परत पाहिजे."

सलीमभाईंचा चेहरा पडला. "भाभी, मुझे लगा सूजन है. सब यही बोलते हैं, ये निकालो, वो निकालो. मी काय समजणार?"

जुनं काम ते सीडीवर ठेवायचे. बऱ्याच सीड्या लावून बघितल्या. वर्षापूर्वीचा मूळ फोटो सापडला, आणि त्याच्याही आधीचा, कॉलेजचा. त्यांनी दोन्ही फोटो स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले, मूळ आणि साफ केलेला.

मी बराच वेळ बघत राहिले. साफ केलेली मुलगी छान होती. गोरी, दोन्ही गाल सारखे, त्वचा एखाद्या बशीसारखी. ती माझ्यासारखी दिसत होती आणि आजारी नव्हती. शेजारची सावळी होती, कपाळावर मुरमं होती आणि कानाच्या पाळीखाली सुपारीएवढा फुगवटा होता. कॉलेजच्या फोटोत तोच फुगवटा वाटाण्याएवढा दिसत होता. इतकी वर्षं तो माझ्या अंगावर होता. तो मला सोडून सगळ्यांनी पाहिला होता, आणि ज्यांनी पाहिला त्यांनी तो पुसून माझा चेहरा मला परत दिला होता. त्या क्षणी मला गाठीपेक्षा त्या गोऱ्या मुलीची जास्त भीती वाटली.

सलीमभाईंनी मूळ फोटोंचे प्रिंट काढून दिले. "अल्ला करे ठीक हो," एवढंच म्हणाले.

डॉक्टरांनी ते प्रिंट क्रमाने लावले. "म्हणजे निदान तीन वर्षं. हळूहळू वाढलीय. हे चांगलं लक्षण आहे." मग लगेच म्हणाले, "पण खात्री नाही. खात्री गाठ काढून तपासल्यावरच. आणि आता थांबायचं नाही. साधी गाठसुद्धा वर्षानुवर्षं ठेवली तर बिघडू शकते."

थांबायचं नाही म्हणाले, आणि घरी सगळे थांबायला सांगत होते. शेलारच्या एका घराला माझा फोटो पसंत पडला होता. ते रविवारी बघायला येणार होते. आत्या दोन दिवस आधी सकाळीच येऊन बसली.

"केस सोडून बसव तिला," ती आईला म्हणाली. "आधी लगीन करून टाक. गाठ काय पळून जात न्हाय. एकदा कापली, तोंड वाकडं झालं, तर कोण विचारनार हाय?"

आत्या दुष्ट नव्हती. तिला माझीच काळजी होती. आणि खरं सांगते, ती बोलत होती तेव्हा मला ते पटतही होतं. ऑपरेशनची एवढी भीती होती, की कुणीही 'नंतर कर' म्हणालं असतं तर मी ऐकलं असतं. बाबा ओट्यावर बसून होते. त्यांनी आईकडे बघितलं.

आई म्हणाली, "रविवारी त्यांना येऊ नका म्हनून सांग. आनि कशापायी ते पन सांग. फोटो खोटा व्हता म्हनून सांग."

"वयनी, येड लागलं का तुला?"

"एकदा झाकलं. आता न्हाय."

त्या दिवशी मी आईचा हात धरला.

ऑपरेशनला नाव होतं सुपरफिशिअल पॅरोटिडेक्टमी. म्हणजे ग्रंथीचा नसेच्या वरचा भाग गाठीसकट काढायचा आणि नस शाबूत ठेवायची. कानासमोरून खाली आणि मानेकडे वळणारा छेद घेतात. संमतीच्या कागदावर लिहिलं होतं, चेहऱ्याची हालचाल तात्पुरती किंवा कायमची जाऊ शकते. मी सही केली, माझ्या सहीखाली बाबांनी केली. थिएटरमध्ये फार थंडी होती. भुलीचा मास्क नाकावर आला तेव्हा मी हसून बघितलं. शेवटचं नीट हसून घ्यावं म्हणून. नर्सला वाटलं मी धीट आहे.

जाग आली तेव्हा डोक्याभोवती पट्टी होती आणि डॉक्टर वाकून बोलत होते. "मनीषा, डोळे मीट. घट्ट. शाब्बास. आता दात दाखव."

मी दात दाखवले. त्यांचा चेहरा बघूनच कळलं, काहीतरी बिघडलंय.

"नस शाबूत आहे," ते म्हणाले. "खालच्या ओठाकडे जाणारी फांदी दुखावलीय. ती गाठीला चिकटून होती. सुधारेल. किती, ते आज सांगत नाही."

पाणी प्यायले की डाव्या कोपऱ्यातून गळायचं. वॉर्डात आरसा नव्हता, ते बरं होतं. पण खिडकीची काच होती. संध्याकाळी दिवे लागले की त्या काचेत दिसायची एक बाई, तोंड एका बाजूला ओढलेली. मी तिच्याकडे पाठ करून झोपायचे.

बायोप्सीचा रिपोर्ट यायचा होता. त्या दिवसांचं मला फारसं आठवत नाही. दार वाजलं की मी उठून बसायचे, एवढंच आठवतं. आई एक दिवस गणेशपुरीला जाऊन आली, अंगारा लावला. मी लावून घेतला. तेव्हा मी काहीही लावून घेतलं असतं.

रिपोर्टमध्ये 'प्लिओमॉर्फिक अॅडिनोमा' असं आलं. म्हणजे साधी गाठ, कॅन्सर नाही. डॉक्टरांनी तीनदा सांगितलं तरी बाबा विचारत राहिले, "नक्की ना?"

हे ज्यांच्या नशिबी येईल त्यांच्यासाठी काही गोष्टी सांगते, कारण मला कुणी सांगितल्या नव्हत्या. कानाची पाळी बधिर होते. माझं एक कानातलं कधी पडलं ते मला समजलंच नाही. काही महिन्यांनी जेवताना गालाला घाम येऊ लागतो, लाळेच्या नसा घामाच्या ग्रंथींना जुळतात म्हणून. त्याला फ्रेज सिंड्रोम म्हणतात. घाबरू नका, रुमाल जवळ ठेवा. गाठ पुन्हा येऊ शकते, म्हणून तपासणीला जात राहा. तपासणीच्या आदल्या दिवशी मला आजही जेवण जात नाही. आणि कानाजवळ किंवा जबड्याखाली न दुखणारी गाठ लागली, तर दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. केसांनी झाकू नका.

शेलारचे लोक पुन्हा आले नाहीत. ओठ बराचसा सुधारला, पूर्ण नाही. हसले की उजवी बाजू जास्त खाली जाते. बँकेत खातं उघडायला फोटो हवा होता, तेव्हा मी सलीमभाईंकडे गेले. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "जैसा है वैसा." फोटो घरी आणून मी बराच वेळ बघितला. आवडला असं नाही म्हणणार. पण ओळखीचा वाटला.

काही वर्षांनी मी तपासणीला गेले असताना डॉक्टर म्हणाले, "आत वॉर्डात एक मुलगी आहे. उद्या तिचं हेच ऑपरेशन आहे. भेटशील?"

कॉलेजात जाणारी असेल. ओढणी कानावरून घट्ट गुंडाळून पलंगावर बसली होती. तिची आई माझा व्रण बघत होती. तिने विचारलं, "लग्न झालं?"

"झालं. उशिरा झालं."

मुलीने आईला गप्प केलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, एकदा हसून दाखवता?"

अनोळखी माणसांसमोर मी तोवर तोंडावर हात घेऊनच हसायचे. मी हात मांडीवर ठेवले आणि हसले, जेवढं येतं तेवढं सगळं.

ती नीट बघत राहिली, आधी एक बाजू, मग दुसरी. मग ओढणी सोडून तिने कान मोकळा केला आणि म्हणाली, "माझी इथे आहे. हात लावून बघा."