ठोके उतरेपर्यंत

लविना भांडकुदळ आहे, असं मनवेलपाड्यातल्या त्या स्कॅन सेंटरमध्ये सगळेच म्हणतात. उमेळ्याची, चौतीस वर्षांची. अकरा वर्षं सीटी मशीन चालवते. पेशंटवर तिने कधी आवाज चढवलेला नाही. तिचं भांडण असतं ते जास्तीच्या किरणांशी.

हृदयाचा स्कॅन दोन तऱ्हांनी निघतो. ठोके साठ-पासष्टवर आले, की दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय क्षणभर निवांत असतं. तेवढ्याच क्षणी किरण सोडायचे. ठोके भरभर पडत असतील तर तो क्षण नीट सापडत नाही. मग किरण सलग चालू ठेवायचे आणि हवं ते चित्र मागाहून निवडायचं. चित्र दोन्हींत मिळतं. दुसऱ्या तऱ्हेत छातीवर काही पटींनी जास्त किरण पडतात, एवढंच. ते दुखत नाहीत, दिसत नाहीत, म्हणून कोणी विचारत नाही. लविनाचा संताप तिथूनच सुरू होतो.

त्या मंगळवारी पाचूबंदरची सालोमी आली होती. मासे विकणारी, बेचाळीसची, किडकिडीत. चढ चढताना छातीत दुखायचं. दमा असेल तर चालत नाही, म्हणून तो नाही ना हे विचारून डॉक्टरांनी ठोके उतरवायची गोळी दिली. तासाभराने लविनाने पाहिलं, तर ब्याण्णव.

"काही खाल्लंत का?"

"नाय गं बाय. चहा पन नाय. तुमच्या कागदावर लिवलंय तसंच केलं."

मॅनेजर जितेंद्र दारात उभा होता. "मॅडम, स्कॅन करताय की पूजा मांडलीय? डॉक्टर एकला निघतात. अजून दोन हार्ट बाकी आहेत. सलग घ्या आणि मोकळ्या व्हा."

"तुमच्या बायकोला घेतलं असतंत सलग?"

"माझी बायको कुठून आली मध्ये?"

"हे किरण सगळ्यात जास्त बाईच्या छातीलाच बाधतात, म्हणून."

ती सालोमीजवळ वाकली आणि तिला ओळखीचा वास आला. भाजलेल्या तंबाखूचा.

"मशेरी लावलीत?"

"लावली दोनदा. भ्या वाटत होतं. मशेरी काय खातात काय? थुकून टाकली की!"

कागदावर ठोके वाढवणाऱ्या गोष्टींत चहा होता, कॉफी होती, सिगारेट होती. मशेरी नव्हती. लिहिणाऱ्याला ती ठाऊक नसेल. पण लविनाची आई रोज सकाळी दारात बसून मशेरी लावते, आणि लविनानेही विचारलं नव्हतं. जितेंद्रपेक्षा तिला आता स्वतःचाच राग आला.

तिने सालोमीला चूळ भरायला लावली, आतल्या खाटेवर निजवलं. "तासभर हिला कोणी उठवायचं नाही."

"मी मालकांना सांगणार."

"आत्ताच सांगा. नंबर देऊ?"

पाऊण तासाने ठोके चौसष्टवर आले. सालोमीच्या किडकिडीत अंगाला पुरेल एवढीच किरणांची ताकद तिने ठेवली. श्वास धरा. सोडा.

"झालं?" सालोमी उठून बसली. "एवढ्यासाठी माझी दुपार केलीस? माझं बोंबील कोन इकनार, तू?"

"एवढ्यासाठीच," लविना म्हणाली. आवाज तिने खालीच ठेवला.

जितेंद्रने तिला मशीनवरून उठवलं. पुढचे दोघे दुसरा टेक्निशियन हार्दिक घेणार. तिने रिपोर्ट पाकिटात भरायचे. हार्दिकची पहिली पेशंट एकोणतीस वर्षांची मुलगी होती. ठोके अठ्ठ्याऐंशी. लविनाने दोनदा थांबायला सांगितलं, हार्दिकने मान वर न करता सलगच घेतलं. मुलगी पाच मिनिटांत बाहेर आली, आणि इतकं पटकन आटपलं म्हणून तिने सगळ्यांचे आभार मानले.

किती किरण पडले त्याचा आकडा दर स्कॅननंतर पडद्यावर येतो. या सेंटरमध्ये तो रिपोर्टवर जात नाही. लविनाने त्या मुलीचा आकडा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिला, खाली ठोके लिहिले, वेळ लिहिली, सही केली. पाकीट तिच्या हातात देत म्हणाली, "तुमच्या डॉक्टरांना हा कागद दाखवा. इतका का, ते विचारा."

जितेंद्र धावत आला. "हे लिहायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही," लविना म्हणाली आणि पुढच्या पेशंटसाठी कोरा कागद ओढला.